नागोजीरावांनी आवळलेले दोन नट

बन्नीमंटपाच्या मैदानामागच्या गल्लीत नागोजीराव लाडांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान एकेचाळीस वर्षं चाललं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक सिमेंटची टाकी, गॅसची शेगडी आणि भिंतीला टांगलेले तांब्यापितळेचे तुकडे. गळका रेडिएटर टाकीत बुडवायचा, आत हवा सोडायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं आणि तिथं डाख द्यायचा. एवढंच काम, पण ते नागोजीरावांसारखं करणारा मैसूरात दुसरा नव्हता, असं लॉरीवाले सांगत. त्यांनी डाख दिलेला सांधा पुन्हा गळला असं कधी झालं नाही. निदान नागोजीरावांना तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना आतल्या आत फार अभिमान होता.

त्यांचे पणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी गेल्या, घरात मराठी तेवढी राहिली. तीही अर्धी कानडीत कालवलेली. नागोजीराव देवाशी मराठीत बोलत, गिऱ्हाइकाशी कानडीत, आणि बायकोशी, सुमित्राबाईंशी, दोन्ही एकदम.

हळूहळू गाड्यांमधून तांब्याचे रेडिएटर जाऊन ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे आले. ते गळले की लोक फेकून देतात आणि नवे बसवतात. नागोजीरावांच्या दुकानात आठवड्याला एखादं काम येऊ लागलं. बाकीचा वेळ ते टाकीच्या काठावर बसून पेपर वाचत.

अशाच एका मार्च महिन्यात त्र्यंबक देवस्थळी दुकानात आले. उंच, काटकुळे, डोक्यावर उन्हाची टोपी. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. नागोजीरावांनी कानडीत विचारलं, त्यांनी तुटक्या कानडीत उत्तर दिलं, आणि मग भिंतीवरचा खंडोबाचा फोटो पाहून एकदम मराठीत म्हणाले, "तुम्ही मराठी?"

"हौदु, सार, मराठीच. म्हणजे आमची मराठी."

देवस्थळी हसले. पुण्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी वीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आता निवृत्त, बोगादीला घर. त्यांनी टॉवेल सोडला. आत वहीएवढा एक कूलर होता, इंजिनाचं तेल थंड करायचा.

"हा आतून कुठे तुंबलाय का, गळतोय का, बघून द्याल?"

नागोजीरावांनी तो टाकीत बुडवला, हवा सोडली, उलटसुलट केला. "एक बुडबुडा नाही, सार. आतून पण साफ आहे. कुठल्या गाडीचा?"

"गाडीचा नाही. विमानाचा."

नागोजीरावांना वाटलं, साहेब गंमत करतात. गंमत नव्हती. देवस्थळींनी बोगादीच्या घरामागे सहा वर्षं खपून दोन माणसांचं छोटं विमान स्वतः बांधलं होतं. पंखांचे रिबिट मारायला बायको, ताराताई, रोज संध्याकाळी मदतीला असत. त्यांचा हात बारीक, तो आत पोचायचा. दिल्लीची परवानगी यायला आणखी दीड वर्ष गेलं होतं. आता विमान सरगूरच्या वाटेवर एका ओळखीच्या जमीनदाराच्या धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. उडतही होतं. पण वर चढायला लागलं की दोन हजार फुटांच्या आतच इंजिनाचं तेल एकशे अठरा अंशांवर जाई. त्यापुढे इंजिन खराब व्हायची भीती. मग चढणं सोडून खाली यायचं. देवस्थळींनी मोठा कूलर आणून बसवला, फरक पडला दोन अंशांचा.

"मी बघू का एकदा?" नागोजीरावांनी विचारलं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पुढच्या रविवारी ते देवस्थळी आणि ताराताईंबरोबर सरगूरला गेले. विमान बघून आधी ते नुसतेच भोवती फिरले. मग इंजिनावरचं झाकण काढायला सांगितलं आणि आत डोकं घालून बराच वेळ बसले. वारा पुढच्या दोन भोकांतून आत येणार, इंजिनावरून जाणार, मागच्या कूलरमधून जाणार आणि खालून बाहेर पडणार, असा सगळा बेत होता. नागोजीरावांनी सुमित्राबाईंच्या टोपलीतून आणलेली लाल लोकर तुकडे करून जागोजागी चिकटवली. देवस्थळींनी झाकण परत लावून इंजिन चालू केलं, नागोजीराव बाजूला बसून फटींतून लोकरीकडे बघत राहिले. कूलरच्या तोंडावरची लोकर धड हलत नव्हती. झाकणाच्या कडेची, जिथे रबरी पट्टी नीट टेकत नव्हती तिथली, मात्र फडफडत होती.

"सार, तुमचा कूलर लहान नाही," ते म्हणाले. "वारा कडेनंच पळतोय. उरलेला जो येतो तो सिलिंडरवर तापून येतो. तापलेल्या वाऱ्यानं तेल कसं थंड होणार? आणि मेन म्हणजे, बाहेर जायला वाट बारीक आहे. खोलीची एकच खिडकी उघडली तर वारा येतो का? समोरची पण उघडायला लागते."

देवस्थळी वळून म्हणाले, "तारा, ऐकलंस? चौदा महिने मी याच्यावर गणितं करतोय."

ताराताई थर्मासमधून कॉफी ओतत होत्या. "तुम्ही मला विचारलं असतंत तर मीही खिडकीच सांगितली असती," त्या म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

चार रविवार काम चाललं. कडेच्या फटी बंद झाल्या. कूलर सिलिंडरमागून काढून वेगळ्या जागी बसवला, त्याला ताजा वारा मिळेल असा. समोरून त्याच्यापर्यंत नागोजीरावांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नळी घडवली, तोंडाशी अरुंद आणि कूलरकडे पसरत जाणारी, म्हणजे वारा सावकाश होऊन सगळ्या जाळीवर सारखा बसेल. खाली, वारा बाहेर पडायच्या जागी, वारा बाहेर ओढला जाईल असा पत्र्याचा छोटा ओठ काढला. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत कुंकवाचं पाणी भरून आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक त्यांनी मोजला. पाणी आधी बोटभर चढायचं, आता चार बोटं चढलं.

कूलरची जागा बदलली म्हणून तेलाच्या नळ्या लांब घ्याव्या लागल्या. त्या बसवताना देवस्थळींनी पाना नागोजीरावांच्या हातात दिला. "तुमच्या हाताचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला आहे. तुम्हीच आवळा." नागोजीरावांनी दोन्ही नट आवळले. आवळलेला नट सैल झाला तर लगेच दिसावं म्हणून त्यावर लाल रंगाची रेघ ओढायची असते, तीही ओढली.

मे महिन्याच्या भर उन्हात विमान चार हजार फूट चढलं. तेल शहाण्णव अंशांवर थांबलं. खाली उतरल्यावर देवस्थळींनी नागोजीरावांना मिठी मारली. नागोजीरावांना मिठीची सवय नव्हती. ते हात खाली सोडून उभे राहिले.

त्याच महिन्यात देवस्थळींनी त्यांना वर नेलं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात नागोजीराव कधी विमानात बसले नव्हते. खाली कबिनी धरणाचं पाणी पसरलेलं होतं, काठाला हत्ती असतील असं देवस्थळी म्हणाले, पण नागोजीराव पाण्याकडे बघतच नव्हते. ते सगळा वेळ तेलाच्या काट्याकडे बघत होते. घरी आल्यावर सुमित्राबाईंनी विचारलं, "वरून काय दिसलं हो?" तर म्हणाले, "चौऱ्याण्णव."

पावसाळाभर विमान शेडमध्येच राहिलं. दर दुसऱ्या रविवारी देवस्थळी दुकानात येत, टाकीच्या काठावर बसत. गिऱ्हाईक नसलेल्या त्या दुकानात आता रविवार कसा संपायचा ते कळत नसे. नागोजीरावांना आयुष्यात सोबती बरेच मिळाले होते, पण त्यांच्या कामावर डोकं लावून बोलणारा हा पहिलाच.

दसरा झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिघं सरगूरला गेले. देवस्थळींनी विमान तासभर तपासलं, जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून पाहिलं. सगळं ठीक होतं. नागोजीराव बरोबर बसायला निघाले तर देवस्थळी म्हणाले, "आज नको. पावसाळ्यानंतरची पहिली फेरी एकट्यानं करायची असते. पुढच्या वेळी तुम्ही आणि मी."

विमान उडालं. झाडांच्या वर गेलं. धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं असेल नसेल, इंजिनाचा आवाज दोनदा अडखळला आणि बंद झाला.

तो आवाज थांबल्यावर शेतातले पक्षी ऐकू आले, हे नागोजीरावांना पुढे कायम आठवत राहिलं. विमान परत वळायला गेलं, एक पंख खाली झुकला आणि ते ज्वारीच्या पलीकडे दिसेनासं झालं. नागोजीराव धावले. चपला कुठे राहिल्या कळलं नाही. पोचले तेव्हा देवस्थळी श्वास घेत होते. जमीनदाराच्या गड्यांनी त्यांना जीपमध्ये घातलं, डोकं नागोजीरावांच्या मांडीवर. पुढच्या सीटवर ताराताई मागे वळून नवऱ्याचा हात धरून बसलेल्या. एच. डी. कोटे गावाच्या अलीकडे श्वास थांबला. ताराताईंनी विचारलं, "थांबलाय का?" नागोजीराव म्हणाले, "हो, वैनी."

दोन दिवसांनी तपासाचे अधिकारी आले. राघवेंद्र नावाचे तरुण, शांत गृहस्थ होते. मोडलेल्या इंजिनाखाली जमिनीवर तेलाचा मोठा काळा डाग पडला होता. त्यांनी तेलाच्या नळ्या दाखवून कानडीत विचारलं, "हे नट कुणी आवळले?"

"मी," नागोजीराव म्हणाले.

राघवेंद्रांनी लिहून घेतलं, सही घेतली. ताराताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एकदाच नागोजीरावांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

दहाव्या दिवशी नागोजीराव बोगादीच्या घरी गेले. फाटकापाशी पोचले तोच आतून देवस्थळींच्या मुलाचा, निनादचा, आवाज आला. तो कॅनडाहून आला होता, कुणाला तरी सांगत होता, "विमानाचं काम बाबांनी रेडिएटरवाल्याकडून करून घेतलं! रेडिएटरवाल्याकडून!" नागोजीरावांनी फाटकाची कडी उघडली होती. ती तशीच परत लावली आणि ते घरी आले.

त्या रात्रीपासून नाही, त्या फाटकापासूनच ते एका गोष्टीत अडकले. पहिला नट आवळल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. पाना, मनगटाला बसलेला झटका, लाल रेघ. दुसरा आठवत नव्हता. त्या वेळी ताराताईंनी कॉफी पुढे केली होती, काहीतरी बोलणं झालं होतं. त्यानंतर पाना पुन्हा हातात घेतला होता की नाही? रेघ दोन ओढल्या की एक? डोळे मिटले की त्यांना एक रेघ दिसायची. कधी दोन दिसायच्या, पण त्या खऱ्या की मनानं काढलेल्या, हे सांगता यायचं नाही.

दुकानात एखादं काम आलं तरी ते संपेना. सांधा डाखला की टाकीत बुडवायचा. बुडबुडा नाही. पुन्हा बुडवायचा. गिऱ्हाईक म्हणे, "साकु, मामा, पुरे झालं." ते रेडिएटर गाडीला लावून देत, गाडी निघाली की मागे धावत, थांबवून पुन्हा नट बघत. विमान यांच्याच हातानं पडलं, असं पेठेत लोक बोलायचे ते वेगळंच. घरी गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला ते तीनतीनदा उठत.

"अहो, बंद आहे," सुमित्राबाई म्हणत.

"तू बघितलंस?"

"मी बघितलं."

"हात लावून?"

एके दिवशी सुमित्राबाईंनी त्यांचा हात धरला, शेगडीपाशी नेला, बटणावर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. "आता दोघांनी बघितलं. आता बसा." ते बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. सुमित्राबाई पाठ करून तांदूळ निवडत राहिल्या, त्यांनी डोळे पुसलेले नवऱ्याला दिसू नयेत म्हणून.

उन्हाळ्यात त्यांनी दुकान बंद केलं. टाकीतलं पाणी काढून टाकलं.

अपघाताला चौदा महिने झाले तेव्हा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ताराताई आल्या. आधी बंद दुकानापाशी उभ्या राहिल्या, मग शेजाऱ्यांना विचारत घरी आल्या. खूप वाळल्या होत्या. सुमित्राबाईंनी खुर्ची दिली. ताराताईंनी पिशवीतून इंग्रजी कागदांचा एक गठ्ठा काढला.

"तपासाचा अहवाल आलाय. मला तो तुम्हाला वाचून दाखवायचाय."

नागोजीराव उभेच होते. "वैनी, दुसरा नट..."

"दोन्ही नट घट्ट होते. दोन्हींवर रेघा होत्या. नळ्या आपटल्यावर फुटल्या, म्हणून खाली तेल सांडलं. तेलाचं तापमान शेवटपर्यंत जसं हवं तसंच होतं, यंत्रात त्याची नोंद सापडली." त्यांनी पान उलटलं. "तुमच्या कामाबद्दल इथे लिहिलंय, की ते व्यवस्थित केलेलं होतं."

नागोजीराव खाली बसले. भिंतीला टेकून, जमिनीवर. सुमित्राबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पहिले सहा महिने मी तुम्हालाच दोष देत होते," ताराताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू."

"मी पण मलाच देत होतो, वैनी." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग इंजिन बंद का पडलं?"

ताराताईंनी कागद मिटले. "पेट्रोलच्या टाकीत हवा जायला पंखाखाली एक बारीक नळी असते. पेट्रोल कमी होतं तसतशी तिच्यातून हवा आत जायला हवी. नाहीतर पेट्रोल खाली यायचं थांबतं. डाव्या टाकीच्या त्या नळीत, आत वाकणापाशी, मातीचं घर सापडलं. कुंभारीण माशीचं."

पावसाळ्यात ती शेड कुंभारणींनी भरली होती. चिखलाची गोळी तोंडात धरून त्या ये-जा करायच्या, भिंतीवर मडक्यासारखी घरं लिंपायच्या. सगळ्यांनीच पाहिल्या होत्या.

"ते झाडू घेऊन भिंत साफ करणार होते," ताराताई म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. मृण्मयीला, आमच्या सुनेला, सातवा महिना होता. घरात पाळणा हलणार असला की कुंभारीण घर करते, ते मोडू नये म्हणतात. माझी आई म्हणायची. मी या असल्या गोष्टी मानतसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र नको म्हटलं."

नागोजीरावांना एकदम आठवलं. ऑगस्टमध्ये एकदा ते आणि देवस्थळी शेडमध्ये बसले असताना एक माशी चिखल घेऊन पंखाखाली गेलेली त्यांनी पाहिली होती. पलीकडच्या भिंतीकडे चाललीय, असं वाटलं होतं. आज सुटका झाली होती. गप्प बसलं असतं तर ती सुटका टिकली असती.

"वैनी," ते म्हणाले, "एक माशी पंखाखाली जाताना मी बघितली होती. उठून बघितलं नाही."

ताराताईंनी कागदांचा गठ्ठा परत पिशवीत ठेवला.

"हे मला सांगितलं नसतंत तरी कुणाला कळलं नसतं."

"चौदा महिने नसलेली चूक सांभाळली. आता असलेली लपवायला ताकद नाही."

"भिंतीवरची घरं मोडली असती तरी नळीतलं राहिलंच असतं," त्या हळूच म्हणाल्या. मग, जणू स्वतःलाच समजावत, "किंवा नसतं राहिलं. नळीला साधी जाळी लावली असती तरी पुरलं असतं. सगळं लक्ष तेलाकडे होतं. आपलं तिघांचंही."

सुमित्राबाई आत गेल्या आणि तीन ताटं घेऊन आल्या. "जेवून जा," एवढंच म्हणाल्या. ताराताई नको म्हणाल्या नाहीत. जेवताना त्यांनी नातीबद्दल सांगितलं. ती बाराव्यानंतर आठ दिवसांनी तिकडे कॅनडात जन्मली होती. बारसं कुणाला करावंसं वाटलं नाही, नाव नुसतं कागदावर घातलं, देवश्री. ताराताईंनी तिला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं.

मार्चमध्ये बोगादीचं घर आवरून त्या मुलाकडे गेल्या. जाण्याआधी निनादनं फोनवर नागोजीरावांची माफी मागितली. नागोजीराव "असू दे, असू दे" म्हणत राहिले आणि फोन कसा ठेवावा ते न कळून शेवटी बायकोच्या हातात दिला.

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही. एकदा गेले, कुलूप काढलं, कोरड्या टाकीच्या काठावर तासभर बसले, परत आले. कारण कळलं म्हणून हाताची सवय गेली नाही. गॅसचं बटण ते अजून तपासतात, फक्त तीनदाऐवजी दोनदा. महिन्यातून एखाद्या सकाळी ताराताईंचा फोन येतो. त्या सुमित्राबाईंशी बोलतात, नातीचे दात, तिथला बर्फ. मग फोन नागोजीरावांकडे येतो. नागोजीराव विचारतात, तिथे किती अंश आहे. त्या सांगतात.